आईचं आयुष्य, आईच्या अक्षरात

फलटणमध्ये बेबीताई कांबळे यांचं छोटंसं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची आणि पुडी बांधण्याआधी बेबीताई त्या रद्दीतला मजकूर वाचून काढायच्या. शाळा प्राथमिक वर्गांतच सुटलेली. पुढचं शिक्षण या कागदांनी आणि गावातल्या वाचनालयानं केलं. वाचता वाचता त्या स्वतः लिहू लागल्या. लिहिलेलं त्यांनी नवऱ्याला दाखवलं नाही, मुलालाही नाही. वह्या घरातच दडवल्या आणि त्या तशा सुमारे 20 वर्षं दडून राहिल्या.

त्या वह्या बाहेर आल्या, कारण फलटणमध्ये स्थायिक झालेल्या भाषाअभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी त्या वाचायला मागितल्या आणि छापण्याचा आग्रह धरला. 1982 मध्ये ‘स्त्री’ मासिकात लेखमाला आली, 1986 मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक. दलित स्त्रीच्या आत्मकथनांचा विचार आज या पुस्तकाला वगळून करता येत नाही.

मराठीतल्या आया स्वतःचं आयुष्य कशा लिहू लागल्या, हे शोधताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. सांगण्यासारखं प्रत्येकीकडे होतं. कमी पडला तो ‘तू लिही, मला वाचायचंय’ असं म्हणणारा माणूस. आणि असा माणूस भेटला, तरी त्यानं काय मागितलं यावर बाईनं काय लिहिलं हे पुष्कळसं ठरत गेलं.

नवऱ्याच्या आठवणी मागितल्या, तेव्हा

सुरुवातीच्या काळात बाईकडे मागितल्या जात त्या नवऱ्याच्या आठवणी. 1901 मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे गेले. 1910 मध्ये रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झालं, गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रस्तावनेसह. रमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. नवरा त्यांना शिकवत होता आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते खपत नव्हतं. न्यायमूर्तींचं चरित्र म्हणून हे पुस्तक हाती घेणाऱ्याला त्यात एका मुलीच्या शिकण्याची कथाही सापडते. माजघरातले टोमणे, अबोला, नवऱ्याचा हट्ट आणि सासरचा रोष यांच्या मधे उभी असलेली ती मुलगी न्यायमूर्तींच्या इतर कोणत्याही चरित्रकाराला दिसणं शक्य नव्हतं.

पुढच्या पिढीत मागणारा मुलगा होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 मध्ये वारले. त्यांचं चरित्र लिहिण्यासाठी मुलगा देवदत्त यानं आईकडे आठवणी मागितल्या. लक्ष्मीबाई 1868 मध्ये जन्मलेल्या, लहानपणीच लग्न झालेल्या. त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं ते टिळकांनी, तेही संसाराच्या धबडग्यात, मधे मधे खंड पडत. हे शिक्षण काही सरळ रेषेत चाललं नाही. टिळक घर सोडून निघून जात, पुन्हा येत. 1895 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नवरा-बायकोची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो 1900 मध्ये, स्वतः विचार करून, स्वतःच्या वेळेला.

मुलाला हवी होती वडिलांची सामग्री. आईनं लिहायला घेतलं आणि सुरुवात केली ती आपल्या माहेरापासून, सोवळ्याच्या वेडानं घराला वेठीला धरणाऱ्या आपल्या वडिलांपासून. टिळक पुस्तकात येतात ते त्यांची पाळी आल्यावर. मग मात्र त्यांची प्रतिभा, त्यांचा तापटपणा, घरात पैसा नसताना केलेला दानधर्म, सगळंच येतं. लक्ष्मीबाईंचं नवऱ्यावर अपार प्रेम होतं आणि त्याचं वागणं त्यांना लख्ख दिसतही होतं. दोन्ही त्यांनी एकाच वाक्यात मावतील असं लिहिलं. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागानं छापलं गेलं. नवऱ्याच्या चरित्राला मदत म्हणून सुरू झालेलं लिखाण मराठीतल्या सर्वश्रेष्ठ आत्मचरित्रांमध्ये जाऊन बसलं. मागणी होती त्याहून मोठं देण्याची धमक लक्ष्मीबाईंमध्ये होती. पण मागणीच झाली नसती तर ही बाई कदाचित कधी लिहायलाच बसली नसती, हेही तितकंच खरं.

दोन बहिणी

कोकणातल्या जोशी घराण्यातल्या दोघी बहिणी लहान वयात विधवा झाल्या. धाकटीच्या पदरात एक मुलगा होता. थोरली गोदूबाई. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे दाखल झालेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. 1893 मध्ये तिनं महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई झाली. या लग्नाचा दंड म्हणून कर्व्यांच्या मुरुड गावानं बहिष्कार घातला.

आनंदीबाईंचं ‘माझे पुराण’ 1944 मध्ये निघालं. त्याच्या संपादनामागे त्यांची सून कावेरी कर्वे होती. सासूचं आयुष्य सुनेला मोलाचं वाटलं. घराघरांतली सासू-सुनेची परंपरा पाहता ही साधी गोष्ट नव्हे. पुढे 1963 मध्ये आनंदीबाईंचा मुलगा दिनकर धोंडो कर्वे यांनी महाराष्ट्रातल्या पाच कुटुंबांवरचं इंग्रजी पुस्तक सिद्ध केलं, त्यात आईच्या लिखाणाचे भाग घेतले. महर्षींच्या शेजारी त्यांच्या बायकोचा आवाज वाचकांना ऐकू आला, आणि तो आवाज संसाराच्या हिशेबाचा होता. समाजकार्याला वाहून घेतलेल्या माणसाचं घर चालवताना पैसे कुठून आणायचे, मुलं कशी वाढवायची, हे महर्षींच्या आत्मचरित्रापेक्षा आनंदीबाईंच्या पानांवर जास्त कळतं.

धाकटी बहीण म्हणजे पार्वतीबाई आठवले. वैधव्यानंतर, मूल पदरात असताना, त्या मुळाक्षरं गिरवू लागल्या. पुढे त्या कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. इंग्रजी शिकायचं म्हणून 1918 च्या सुमारास एकट्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करून राहिल्या. ‘माझी कहाणी’ त्यांनी 1928 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्याकडे कुणाच्या आठवणी मागायला कुणी येण्याची गरजच उरली नव्हती. हजारो लोकांसमोर उभं राहून बोलायची सवय झालेल्या बाईला ‘माझं ऐकण्यासारखं आहे’ हे पटलेलं होतं. सार्वजनिक कामानं तिला तो विश्वास दिला होता.

1901 च्या जनगणनेत भारतातल्या साक्षर स्त्रियांचं प्रमाण शंभरात एकही भरत नव्हतं, ते 0.6 टक्के होतं. या दोघी बहिणींची अक्षरं त्या अंकाशेजारी ठेवून वाचायला हवीत.

जे लिहिलं, जे गाळलं

1951 मध्ये साक्षर स्त्रियांचं प्रमाण 8.86 टक्क्यांवर आलं. यातल्या बऱ्याच स्त्रिया वरच्या जातींतल्या आणि शहरांतल्या होत्या. त्यांच्या बाहेर, सोलापूर जिल्ह्यातल्या महूद गावी 1923 मध्ये जन्मलेल्या शांताबाई कांबळे शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांना पाटीवर अक्षरं काढायला शिकवलं. स्वतःबद्दल लिहायला त्यांना उसंत मिळाली ती निवृत्तीनंतर. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ 1986 मध्ये पुस्तकरूपानं आलं आणि पुढे त्यावर ‘नाजुका’ ही दूरदर्शन मालिका झाली. शिक्षिका असूनही त्यांनी पुस्तकाचं नाव प्रमाण भाषेत बसवलं नाही. दलित पँथरचे कवी अरुण कांबळे यांच्या या आईनं भाषेचा अभिमान मुलाइतकाच ठणकावून सांगितला.

याच काळात बेबीताईंचं पुस्तक आलं. वीरगावचा महारवाडा, उपास, देवदेवस्की, कोवळ्या पोरींची पहिली बाळंतपणं, सुनांचा छळ आणि मग बाबासाहेबांच्या शब्दानं उठलेली वस्ती, असा त्याचा विस्तार आहे. त्यात ‘मी’ थोडी आणि ‘आम्ही’ पुष्कळ. अनुवादक माया पंडित यांनी बेबीताईंची मुलाखत घेतली तेव्हा ध्यानात आलं की, नवऱ्याचा संशय आणि मारहाण त्यांच्याही वाट्याला आली होती. पुस्तकात ती नाही. समाजाची गोष्ट सांगायची ठरवल्यावर स्वतःचं दुःख त्यांनी बाजूला ठेवलं. त्यांना ते मुलाखतीत सांगता आलं, कारण समोरच्या बाईनं थेट तेच विचारलं. छापील पानांवरचं मौन बाईच्या मनातलं असतंच असं नाही. पुष्कळदा तो प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हेच ओळखून आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधल्या, त्यांच्या घरी जाऊन विचारलं, आणि 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ तयार झालं. मोर्चे, सभा, वसतिगृहं यांतली बायकांची कामगिरी त्याआधी बायकांच्या स्मरणातच पडून होती. पुढे 2003 मध्ये उर्मिलाताईंनी ‘आयदान’ लिहिलं. त्यांची आई बांबूच्या टोपल्या, सुपं विणून घर चालवायची. आईनं स्वतः काही लिहिलं नाही, लेकीनं तिला पुस्तकात आणलं. आपल्या लिहिण्याचं मूळ आईच्या विणण्यात आहे, असं लेकीला वाटतं.

जात्यावर आधीच होतं

अक्षर न येणाऱ्या आया गप्प होत्या असं मानणं चूक ठरेल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशीच्या डोंगराळ भागातल्या बायकांबरोबर काम करता करता जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आज त्यांतल्या पुष्कळशा ‘पारी’ या संग्रहात ऐकता येतात. त्यांत सीतेचा वनवास आहे, भावाची वाट पाहणं आहे, लेकीचा जन्म आहे, भीमरायाची सभा आहे. पहाटे घर झोपलेलं असताना, दोघी जणी जात्याशी बसून जे बोलत त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

विजेची गिरणी गावात आली. बाईच्या खांद्यांवरचा मोठा भार उतरला, ते उत्तमच झालं. त्याबरोबर गाण्याची जागा मात्र गेली. साक्षरतेनं ती रिकामी जागा भरायला हवी होती. साक्षरता मोहिमांमध्ये बाई अंगठ्यावरून सहीवर आली, याचा सोहळा झाला. सही आली म्हणजे रेशन दुकानात, बँकेत मान आला, त्याचं मोल मी कमी मानत नाही. पण सही ही दुसऱ्याच्या कागदाला दिलेली संमती असते. स्वतःचा कागद सुरू करायला बाईला शिकवणारे वर्ग आपण फार थोडे काढले.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी 8 मार्च 2016 रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानं आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या दुपारी वर्गात येऊ लागल्या. त्यांची छायाचित्रं जगभर गेली. या शाळेची वेळ दुपारची ठेवली, कारण सकाळ-संध्याकाळ घरातल्या आणि शेतातल्या कामाची. वेळापत्रक बाईच्या दिवसाभोवती बसवलं, म्हणून शाळा भरली.

वेळेचा हिशेब सरकारी आकड्यांतही आहे. 2019 च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, तर असं काम करणारे पुरुष 97 मिनिटं. 2011 मध्ये महाराष्ट्रातली स्त्री-साक्षरता सुमारे 76 टक्के होती. म्हणजे आज बहुतेक आयांना अक्षर येतं. दिवसातली मोकळी घटका मात्र अजून त्यांच्या हाती आलेली नाही.

आता आपण मागायचं

म्हणून मागायचं काम आपलं आहे, आणि ते नीट करायला हवं. ‘आई, तुझं आयुष्य लिही’ असं म्हटलं की बहुतेक आया ‘माझ्यात काय लिहिण्यासारखं?’ असं म्हणून विषय संपवतात. आयुष्य हा फार मोठा शब्द आहे. पाणी कुठून आणायचीस, लग्नात काय काय आंदण मिळालं, पहिलं बाळंतपण कुठे झालं आणि सुईण कोण होती, स्वतःच्या हातात पहिले पैसे कधी आले आणि त्यांचं काय केलंस, शाळा कोणत्या दिवशी सुटली, असं विचारावं. एका प्रश्नाला एक पान. वडिलांबद्दल नंतर विचारता येईल. लक्ष्मीबाईंनी टिळकांची पाळी स्वतः ठरवली होती, आपल्या आईलाही ती ठरवू द्यावी.

तिनं लिहिलेलं शुद्ध करायला बसू नये. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, गावाकडचा शब्द आला, एकच गोष्ट दोनदा आली, तर ते तसंच राहू द्यावं. तिच्या खाडाखोडीतही माहिती असते. जे तिला सांगायचं नाही ते न सांगण्याचा तिचा हक्क मानावा, आणि कोणी वाचायचं हेही तिलाच विचारावं. लिहिणं जमत नसेल तर तिनं बोलावं, आपण उतरून घ्यावं आणि उतरलेलं तिला वाचून दाखवावं. तिनं ‘असं नव्हतं’ म्हटलं, तर तेच प्रमाण.

रमाबाई रानड्यांपासून बेबीताईंपर्यंतची पुस्तकं मिळून आपल्या कपाटाचा एक खण जेमतेम भरेल. त्या काळात या भूमीवर कोट्यवधी आया जगून गेल्या. आपल्याकडे पेशव्यांचे रुमाल आहेत, संस्थानांची दप्तरं आहेत, कंपनी सरकारचा पत्रव्यवहार आहे. एका सामान्य घरात 1950 मध्ये सून कशी जगत होती हे सांगणारा कागद मात्र क्वचित सापडतो. तो कागद तयार करू शकणाऱ्या बायका आज ऐंशीच्या पुढे आहेत.

या दिवाळीत आईला वही द्यायची असेल, तर तिच्या कामातले दोन तास आधी आपल्या अंगावर घ्यावेत आणि रोज घ्यावेत. तेवढं न करता हातात दिलेली वही म्हणजे तिच्यावर टाकलेलं आणखी एक काम.