फुंक्याने पान्हा का सुटतो?

वासरू दगावलेली गाय पान्हा चोरू लागली म्हणजे दुधावर संसार चालविणारा शेतकरी हवालदिल होतो. अशा वेळी कोणीतरी 'फुंका' करण्याचा सल्ला देतो. गाईच्या योनिमार्गात नळी घालून जोराने हवा फुंकावयाची, अशी ही क्रिया. तिने दूध उतरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. न उतरते तर ही दुष्ट चाल इतकी वर्षे टिकली नसती. परंतु दूध का उतरते हे कळले म्हणजे फुंक्यावाचूनही ते उतरविता येते हे कळते. त्यासाठी प्रयोगशाळेतील उंदीर व ससे यांच्याकडे वळावे लागेल.

मादीच्या जननमार्गाला मज्जातंतू मुख्यतः दोन ठिकाणांहून मिळतात. कमरेच्या भागातून येणारे तंतू विशेषेकरून गर्भाशयाकडे जातात. त्याच्याही मागील, शेपटीलगतच्या भागातून येणारे श्रोणि-तंतू गर्भाशयमुख व योनिमार्ग यांच्याकडे जातात. हे तंतू केवळ आज्ञा आणीत नाहीत, तेथील संवेदना मेंदूकडे पोहोचवितातही. पांढऱ्या उंदराच्या मादीचे गर्भाशयमुख माजाच्या वेळी काचेच्या कांडीने चेतविले, तर नराशी संबंध न येताही तिचे चार-पाच दिवसांचे ऋतुचक्र थांबते आणि १२ ते १४ दिवस तिच्या शरीराची स्थिती गाभण मादीसारखी राहते. दोन्ही बाजूंचे श्रोणि-तंतू आधी कापलेले असले तर असे घडत नाही. सशाच्या मादीत तर समागमानंतर सुमारे १० ते १२ तासांनी स्त्रीबीज सुटते. समागम नसेल तर ते सहसा सुटतच नाही. गाईचे तसे नाही. तिचे स्त्रीबीज माज संपल्यावर आपोआप सुटते, आणि म्हणूनच कृत्रिम रेतनाची वेळ माजाच्या लक्षणांवरून ठरवावी लागते.

फर्ग्युसन या शास्त्रज्ञाने १९४१ साली सशांवरील प्रयोगांतून दाखविले की, जननमार्ग आतून ताणला गेला असता मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हा द्रव रक्तात उतरतो व गर्भाशय आकुंचन पावू लागते. गाय विताना वासराच्या दाबाने हेच घडते. निरोप मज्जातंतूंवरून वर जातो, उत्तर मात्र रक्तातून खाली येते. आणि रक्त कासेतही फिरत असल्याने तेथील दूधपेशींभोवतालचे सूक्ष्म स्नायू आवळले जाऊन पान्हा सुटतो. फुंका करणारा याच मार्गाने खोटा निरोप धाडीत असतो.

हाच निरोप सडांवरूनही धाडता येतो, हे या प्रकरणातील खरे मर्म आहे. ईली व पीटरसन यांनी १९४१ साली एका गाईच्या अर्ध्या कासेचे मज्जातंतू कापले, तरीही पान्हा दोन्ही अर्ध्या भागांत सुटला. कारण आज्ञा रक्तातून येत होती. त्यांनीच गाईजवळ कागदी पिशव्या फोडून तिला भेदरविले, तेव्हा पान्हा अडला. भीतीने रक्तात उतरणारे अॅड्रिनलिन ऑक्सिटोसिनच्या कार्यात आड येते. भेदरलेल्या गाईस दोरखंडाने जखडून फुंका करणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणे होय. शिवाय घाणेरड्या नळीने आत जखमा होतात, जंतू शिरतात आणि जनावर उलटू लागते, ते नुकसान निराळेच.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे फुंका हा गुन्हा आहे. त्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या असून जनावरही सरकारजमा होते. दूध वाढविण्यासाठी जनावरास अपायकारक इंजेक्शन देणेही याच कलमात येते. दररोज धारेपूर्वी ऑक्सिटोसिन टोचणारे काही गोठेवाले आपण फुंका करीत नाही असे अभिमानाने सांगतात. आमच्या मते त्यांनी केवळ नळी बदलली आहे.

वासरू नसलेल्या गाईसाठी धारेची वेळ व धार काढणारा माणूस ठरलेला असावा. पुढ्यात आंबोण ठेवावे, कास कोमट पाण्याने धुऊन पुसावी व सड हलक्या हाताने चोळावेत. साधारण एका मिनिटात कास भरून येते. म्हशीस अधिक वेळ लागतो, तेव्हा घाई करू नये. ऑक्सिटोसिनचा प्रभाव काही मिनिटेच टिकतो, म्हणून एकदा पान्हा सुटला की पाच ते सात मिनिटांत धार पुरी करावी. त्या वेळी गोठ्यात कुत्रे येऊ देऊ नये, आरडाओरड करू नये. सवय जडण्यास काही दिवस लागतात. तोपर्यंत दूध कमी निघाले तरी काठी उचलू नये. त्यानंतरही पान्हा न सुटल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जनावराची कास तपासून घ्यावी.