नवतपा, कूलर आणि दुकानाचा फोन



गेल्या नवतप्यात आमच्या घरच्या कूलरची मोटर जळाली. घरात वयोवृद्ध आई. नेहमीच्या दुकानात तीनदा फोन लावला. दोनदा व्यस्त, तिसऱ्यांदा नुसती रिंग. शेवटी दुसरीकडून मिस्त्री बोलावला. आठ दिवसांनी तो दुकानदार भेटला तेव्हा म्हणाला, "काका, मी शिडीवर होतो अन् पोरगा गाडीवर. संध्याकाळी बावीस मिस कॉल पाहिले, आधी कोणाला लावू?"

पांढुर्णा आणि सौंसरकडे आपल्यातली अनेक मुले कूलर, एसी, फ्रिज, गीझरच्या दुरुस्तीत आहेत. त्यांच्यापैकी काहींना 'क्लाउड फोन घ्या' असे सांगणारे विक्रेते भेटतात आणि मग विचारणा आमच्याकडे येते. आयुष्यभर कर्जाच्या फायली वाचल्या, म्हणून हेही फाईलसारखेच वाचून पाहिले. जे समजले ते सांगतो.

हे आहे तरी काय?

पूर्वी मोठ्या कार्यालयात एक पेटी असे. बाहेरून आलेला फोन ऑपरेटर हव्या त्या टेबलावर जोडून देई. गावोगावच्या एक्स्चेंजचे कामही त्याच जातीचे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज बनवले. एसीशिवाय चालणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. आता ही पेटी आपल्याकडे नसून कंपनीच्या संगणकावर असते, एवढाच फरक. ग्राहक एक नंबर लावतो, त्याला स्वागताचा निरोप ऐकू येतो आणि फोन मालक, मुलगा, मिस्त्री यांपैकी जो मोकळा असेल त्याच्या मोबाईलवर जातो. कोणीच उचलला नाही तर नंबर नोंदवहीत राहतो.

यात दोन प्रकार आहेत. एकात मिस्त्रीच्या मोबाईलवर साधा कॉल येतो, त्याला इंटरनेट लागत नाही. दुसऱ्यात अॅपवर इंटरनेटने बोलावे लागते. सातपुड्याच्या कडेच्या गावात काम करणाऱ्याला पहिला प्रकार बरा. घेण्याआधी आपला मिस्त्री जिथे नेहमी जातो, त्याच गावात उभे राहून फोन करून पाहावा.

आधी सात दिवसांची वही

काहीही विकत घेण्याआधी सात दिवस वहीत तीन रकाने करावेत: आलेले फोन, सुटलेले फोन, आणि सुटलेल्यांपैकी परत लावल्यावर 'दुसऱ्याला बोलावले' असे म्हणणारे. तिसरा रकाना हाच खरा तोटा.

समजा रोज चार कामे अशी जातात आणि एका कामामागे निव्वळ २०० रुपये सुटतात. दिवसाचे ८०० रुपये. उन्हाळ्याचे ७५ दिवस धरले तर ६०,००० रुपये. आता समजा फोनसेवा महिना १,५०० रुपये आहे. १८ टक्के जीएसटी धरून १,७७० रुपये, म्हणजे वर्षाचे २१,२४० रुपये. तीनच महिने घेतली तर ५,३१० रुपये. कंपोझिशन योजनेत असणाऱ्याला त्या जीएसटीची वजावट मिळत नाही, तेव्हा पूर्ण रक्कम खर्चातच धरावी.

पण एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. फोन उचलला म्हणून मिस्त्री वाढत नाहीत. दोन मिस्त्री सकाळपासून रात्रीपर्यंत कामातच असतील तर ती चार कामे फोन उचलूनही होणार नाहीत. मग या सेवेचा उपयोग इतकाच की ग्राहकाला 'उद्या दहा वाजता येतो' असे खरे सांगता येते. तेही कमी नाही, पण त्याची किंमत ६०,००० रुपये धरू नये.

नंबर कोणाच्या नावावर?

आम्हाला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दहा-बारा वर्षांत शेकडो कूलरवर, फ्रिजच्या पाठीवर आपल्या नंबरचे स्टिकर लागलेले असतात. तो नंबर म्हणजे दुकानाची पत. नवी कंपनी नवा नंबर देते, आणि पैसे भरणे थांबले की तो नंबर आपल्याकडे राहीलच असे नाही. म्हणून नवा नंबर स्टिकरवर छापू नये. जुना मोबाईल नंबर आपल्याच नावावर ठेवावा आणि त्यावरून फोन पुढे पाठवावा, म्हणजे फॉरवर्ड करावा. मोबाईल नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे, तेव्हा जुन्या नंबरवर मालकी आपलीच राहते.

फॉरवर्ड करताना 'सगळे कॉल' न निवडता 'व्यस्त असताना' आणि 'उत्तर न दिल्यास' हे दोन पर्याय निवडावेत. मालक मोकळा असेल तर तोच बोलतो, नसेल तरच फोन पुढे जातो. कोड दाबून फॉरवर्ड करण्याची सोय दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ मध्ये थांबवायला लावली, कारण ठग त्याचाच वापर करत होते. म्हणून हे फोनच्या सेटिंगमधून किंवा कंपनीकडून करून घ्यावे. कोणी अनोळखी माणसाने फोनवर कोड दाबायला सांगितले तर मुळीच दाबू नये.

आणि बँकवाल्यांची एक कळकळीची सूचना. दुकानाचा नंबर हाच बँक खात्याला जोडलेला असतो. फॉरवर्ड सुरू असताना बँकेचा ओटीपी सांगणारा कॉल आला तर तोही दुसऱ्याच्या कानी पडू शकतो. आधी खात्याला वेगळा नंबर जोडावा, मगच फॉरवर्ड करावे.

निरोप आपल्या भाषेत

आपल्याकडे घरात मराठी आणि बाजारात हिंदी, शिवाय वरूड-नरखेडकडचेही ग्राहक असतात. निरोप मालकाच्याच आवाजात, दोन्ही भाषांत, दहा-पंधरा सेकंदांचा असावा. 'दुरुस्तीसाठी १, नवीन खरेदीसाठी २' एवढे पुरे. घामाघूम झालेला माणूस सहा पर्याय ऐकत बसत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, दुकान बंद असेल तर तसा निरोप आधीच लावून ठेवता येतो. कॉल रेकॉर्ड होत असेल तर ते ग्राहकाला सुरुवातीलाच सांगावे. १८०० चा टोल-फ्री नंबर घेऊ नये. त्याचे पैसे आपल्याला पडतात, आणि आज ग्राहकाकडे बोलण्याचे पॅकेज असतेच.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

- जूननंतर सेवा थांबवून पुढच्या मार्चला सुरू करता येईल का, आणि तोवर नंबर व नोंदी राहतील का?
- एका कॉलचे पैसे एकदा लागतात की आत येणारा व पुढे जाणारा असे दोनदा?
- सुटलेल्या फोनची यादी आपल्याला उतरवून घेता येते का?
- वार्षिक रक्कम आधी मागत असाल तर एक महिना वापरून पाहू द्याल का?

उत्तरे लेखी घ्यावीत. तोंडी उत्तर म्हणजे सही नसलेला चेक.

कोणी घेऊ नये?

एकटा माणूस आणि दिवसाचे पंधरा फोन असतील तर ही सेवा नको. कॉल वेटिंग, व्हॉट्सअॅप बिझनेसचा आपोआप जाणारा निरोप, आणि दुपारी दोन तास फोन घेणारे घरातले कोणी, एवढ्यात भागते. पांढुर्णा आणि सौंसर दोन्हीकडे माणसे असतील, तीन-चार मिस्त्री असतील, तर मात्र एक नंबर खरोखर उपयोगी पडतो.

आमच्या ओळखीच्या त्या दुकानदाराने वही ठेवली. त्याचे निम्मे फोन 'माणूस कधी येणार?' हेच विचारणारे निघाले. त्याने अजून काही विकत घेतलेले नाही. सकाळी नऊला बसून त्या दिवसाच्या ग्राहकांना वेळ कळवतो, आणि फोन कमी झाले म्हणतो. पुढच्या मार्चला पुन्हा वही ठेवून ठरवणार आहे.

ज्यांच्याकडे विक्रेत्याचे कागद आले असतील त्यांनी सही करण्याआधी मंडळाच्या बैठकीला घेऊन यावे. चष्मा लावून आम्ही सगळे बारीक अक्षर वाचून देऊ.