पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध

घरात पेटी असेल तर हे करून बघाच. पांढरी एकचा सा धरा आणि सोबत शुद्ध ग आणि प दाबा. सा आपल्या घरी निवांत बसल्यासारखा वाटेल. आता सा आणि ग तसेच ठेवून प सोडा आणि खालचा शुद्ध ध दाबा. तोच सा उदास होतो. मग ध आणि ग दोन्ही कोमल करा. सा एकदम उजळून निघतो! सा तसूभरही हललेला नाही, फक्त त्याचा शेजार बदलला. आपल्याकडे तानपुरा शेजार स्थिर ठेवतो आणि सूर फिरतो. पाश्चात्त्य हार्मनीत शेजारही फिरत राहतो.

लंडनच्या जेकब कॉलिअरला या शेजाराचं वेडच लागलं. १९९४चा जन्म, आई व्हायोलिनवादक आणि संगीतशिक्षिका. शाळकरी वयातच तो घरातल्या खोलीत इतरांची गाणी गाऊन, म्हणजे त्यांची कव्हर करून, यूट्यूबवर टाकू लागला. पडद्याचे चौकोन पाडलेले आणि प्रत्येक चौकोनात जेकबच. एक खर्जात, एक तार सप्तकात, एक डबल बास घेऊन, एक टाळ्या वाजवत. २०१३ साली त्याने स्टीव्ही वंडरचं 'डोन्ट यू वरी बाउट अ थिंग' असं केलं, आणि मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चे निर्माते क्विन्सी जोन्स यांनी त्याला हेरलं.

कव्हर म्हणजे नक्कल, असं आपण सहज म्हणून टाकतो. जेकबच्या बाबतीत ते मला अजिबात पटत नाही. त्याच्या कव्हरमध्ये मूळची चाल आणि शब्द राहतात. चालीतल्या सुरांखाली काय वाजेल, ते मात्र तो नव्याने ठरवतो. ही रचनाच आहे. त्यामुळे २०१६ साली त्याच खोलीत, सगळी वाद्यं स्वतः वाजवून त्याने 'इन माय रूम' हा पहिला अल्बम केला, तेव्हा त्यातली बहुतेक गाणी त्याची स्वतःची होती आणि हात आधीच तयार झालेला होता. गंमत म्हणजे त्या अल्बमला पुढच्या वर्षी दोन ग्रॅमी मिळाले, ते दोन्ही कव्हरच्या संयोजनासाठी. एक स्टीव्हीचं 'यू अँड आय', दुसरं 'फ्लिंटस्टोन्स' या कार्टूनचं शीर्षकगीत!

अल्बम आला त्याच वर्षी त्याने 'इन द ब्लीक मिडविंटर' हे ख्रिसमसचं जुनं गीत गायलं, आणि त्यात जे केलं ते ऐकून मी थक्क झालो. गाणं पांढरी तीनमध्ये चालू असतं. मग जेकबचे अनेक आवाज मिळून हळूहळू वर सरकतात आणि जिथे स्थिरावतात, ती जागा पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध आहे. तिथे पियानोला पट्टीच नाही. पण गळ्याला पट्ट्यांचं बंधन नसतं, हे श्रुती जाणणाऱ्या आपल्या कानांना वेगळं सांगायला नको. कमाल अशी की ऐकताना कुठेही बेसूर वाटत नाही, कारण सगळे आवाज एकमेकांना धरून सरकतात.

एकट्याचं हे गाणं मंचावर कसं न्यायचं? एमआयटीच्या बेन ब्लूमबर्गने त्याच्यासाठी एक यंत्र बनवलं. जेकब एक सूर गातो, बोटं पट्ट्यांवर, आणि दाबलेल्या प्रत्येक पट्टीच्या उंचीवर त्याचाच आवाज त्या क्षणी उमटतो.

पुढे मात्र त्याने इतरांना जवळ केलं. २०२४च्या 'जेसी व्हॉल्यूम ४'मध्ये देशोदेशीच्या मैफलींत टिपलेले श्रोत्यांचे आवाज आहेत, पहिल्या गाण्याचं नावच '१००,००० व्हॉइसेस'. याच अल्बममध्ये सतारवादक अनुष्का शंकर आणि गायिका वारिजश्री वेणुगोपालही आहेत.

आज रात्री हेडफोन लावून आधी स्टीव्हीचं 'यू अँड आय' ऐका, मग लगेच जेकबचं. चालीकडे फार लक्ष देऊ नका, ती ओळखीचीच असेल. तिच्या खालचे आवाज ऐका.