गोरा चेहरा नक्की कुणाला हवा आहे?

वधू-वर परिचय मेळाव्याचा फॉर्म आपल्यापैकी बहुतेकांनी भरलेला किंवा पाहिलेला असतो. नाव, शिक्षण, नोकरी, उंची आणि त्याखाली एक रकाना : वर्ण. तिथे ‘सावळा’ लिहिताना मुलीच्या आईचा हात थबकतो आणि ‘गव्हाळ’ किंवा ‘निमगोरा’ लिहून पुढे सरकतो. मुलाच्या फॉर्मवर तोच रकाना पुष्कळदा कोरा राहिला तरी कुणी विचारत नाही. मेळावा महिन्यावर आला की मैत्रिणीने सांगितलेली एखादी ट्यूब मेडिकलमधून घरी येते. आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण ती ट्यूब आहे.

‘पुरुष रूप बघतात, बायका कर्तृत्व बघतात,’ असे आपण सहज बोलून जातो. यात किती तथ्य आहे?

संशोधन काय सांगते?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांनी 1989 साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तीत 33 देशांतील दहा हजारांहून अधिक माणसांना जोडीदारात काय हवे, असे विचारले होते. भारतही त्यात होता. पुरुषांनी रूपाला स्त्रियांपेक्षा जास्त महत्त्व दिले, हे खरे. पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. स्त्री असो वा पुरुष, दोघांनीही समजूतदारपणा आणि बुद्धी यांना रूपाच्या व कमाईच्या वर ठेवले होते.

शिवाय हे कागदावरचे उत्तर झाले. 2008 साली ईस्टविक आणि फिंकेल या संशोधकांनी अमेरिकेतील विद्यार्थी-विद्यार्थिनींची समोरासमोर भेट घडवली. आधी विचारले तेव्हा मुलांनी रूपाला आणि मुलींनी कमाईला जास्त गुण दिले होते. प्रत्यक्ष भेटीनंतर कोण आवडले हे पाहिले, तेव्हा मुला-मुलींतला हा फरक दिसलाच नाही. कोणता चेहरा आकर्षक आहे याबाबतही स्त्री-पुरुषांची मते बरीचशी जुळतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

मग आवड येते कुठून? 2015 साली जुळ्या भावंडांवर झालेला एक अभ्यास बोलका आहे. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखीच असतात; तरीही कुठला चेहरा आवडतो याबाबत त्यांच्यात बराच फरक निघाला. माणसामाणसांच्या आवडीतला फरक मुख्यतः ज्याच्या त्याच्या अनुभवातून येतो, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. म्हणजे नजर बरीचशी घडवलेली असते. आणि जे घडवलेले आहे, ते बदलताही येते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. वेल्समधील बँगर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली तरुणींच्या चेहऱ्यावरील मेकअपचे प्रमाण कमी-जास्त करून ती छायाचित्रे लोकांना दाखवली. स्त्री-पुरुष दोघांनाही कमी मेकअपचा चेहरा जास्त आवडला. पण ‘इतरांना काय आवडेल?’ असे विचारल्यावर दोघांनीही जास्त मेकअपकडे बोट दाखवले. पुरुषांना तर आणखी जास्त मेकअप आवडत असेल, असा त्यांचा अंदाज होता. दुसऱ्याच्या नजरेचा असा चुकीचा अंदाज बांधून आपण स्वतःचा चेहरा पणाला लावतो.

चेहऱ्यावरून प्रत ठरवण्याची खोड

आपल्याकडे या नजरेत जातही मिसळलेली आहे. इंग्रजी अमलात रिस्ले या अधिकाऱ्याने नाकाची मापे घेऊन जातींची उतरंड वंशावर बसवू पाहिली. बाबासाहेबांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकाच्या मापांचेच आकडे तपासून दाखवून दिले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा ठरत नाही. ती उतरंड आपण नाकारली; मग ‘वर्ण’ हा रकाना आपल्याच फॉर्मवर कशाला हवा?

शरीरशास्त्रही हेच सांगते. त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण सारखीच असते. फरक असतो तो तयार होणाऱ्या मेलॅनिनच्या प्रमाणात व प्रकारात. हे मेलॅनिन उन्हातील अतिनील किरणांपासून आपले रक्षण करते. सावळेपणा हा आजार नाही, त्यामुळे त्यावर औषधही नाही.

ट्यूबमध्ये काय असते?

झटपट उजळपणा देणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते : बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. काहींत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असतात. ही खरी औषधे आहेत. पण ती ठरावीक आजारांवर, ठरावीक दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायची असतात. पहिले काही दिवस चेहरा उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येते, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते आणि उन्हात गेले की आग होते. मलम बंद केले की चेहरा लालबुंद होऊन सुजतो. म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो आणि त्यात अडकतो. अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने 2018 साली नियम कडक केले, तरी ती सहज मिळतात.

निर्मात्याचा पत्ता नसलेल्या डब्यांतील क्रीमचा धोका वेगळा आहे. काहींत पारा असतो. तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतो. लावणाऱ्यांत मुलगेही असतात. फक्त ते सांगत नाहीत.

एवढे करा

• घरातली ट्यूब डॉक्टरांना दाखवा. वरील नावांपैकी एखादे असेल आणि चिठ्ठी नसेल, तर आणखी वापरू नका.
• खूप दिवस लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. सरकारी रुग्णालयातही त्वचा विभाग असतो.
• अशी क्रीम लावणाऱ्याच्या पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर लघवीची तपासणी लगेच करून घ्या.
• उन्हात छत्री, रुमाल किंवा टोपी वापरा. चेहरा साध्या साबणाने धुवा. एवढी निगा पुरेशी आहे.

भगवान बुद्धांच्या संघात लकुंटक भद्दिय नावाचे भिक्खू होते. ते ठेंगणे आणि दिसायला कुरूप असल्याने इतर भिक्खू त्यांची टिंगल करत. भगवंतांनी त्याच भिक्खूंना भद्दियांची खरी योग्यता समजावून सांगितली आणि मधुर वाणीच्या भिक्खूंत त्यांना अग्रस्थान दिले.

मेळावे भरवणाऱ्या आपल्या मंडळांना एकच विनंती आहे. पुढचे फॉर्म छापाल तेव्हा ‘वर्ण’ हा रकाना काढून टाका. त्या जागी रक्तगट आणि सिकलसेल तपासणीचा निकाल विचारा. नव्या संसाराला त्याचा उपयोग जास्त आहे.