कोसा पिकतो तो अंड्यापासून

पावसाची पहिली झड येऊन गेली की आपल्या भंडारा जिल्ह्यात कोसा पिकवणाऱ्या घरांत गडबड सुरू होते. हिवाळ्यापासून टांगून ठेवलेल्या कोशांतून संध्याकाळी पतंग बाहेर पडू लागतात. आज आपण या टसर पतंगाबद्दल बोलू.

हा पतंग तळहातापेक्षा मोठा असतो. नर तांबूस, मादी पिवळसर आणि जाड. चारही पंखांवर एकेक डोळा असतो आणि त्याच्या मधोमध काचेसारखी आरपार दिसणारी जागा. दूर दक्षिण अमेरिकेच्या जंगलातही याच कुळातले रेशीम पतंग आहेत, त्यांच्याही पंखांवर अशाच काचेच्या खिडक्या असतात.

या पतंगाला खाता येत नाही. अळी असताना जे खाल्लं, त्याच्याच जोरावर तो आठवडाभर जगतो. मादी एका जागी बसून वास सोडते, त्या वासानं नर दुरून येतो. मग मादी दीडशे ते अडीचशे अंडी घालते आणि मरते.

आठ-दहा दिवसांत अळ्या निघतात. येन आणि अर्जुनाचा पाला खात त्या महिना-दीड महिना वाढतात, चार वेळा कात टाकतात. मोठी अळी पानासारखी हिरवी दिसते. शेवटी ती फांदीला चिवट देठ गुंडाळते आणि त्याला लटकता कोसा विणते. शेकडो मीटरचा तो धागा. त्याचंच सूत आपल्या आयाबायांनी मांडीवर वळून काढलं, आणि त्यातूनच विदर्भाची करवतकाठी टसर साडी झाली.

आपल्याकडे ढिवर समाजानं हे काम पिढ्यानपिढ्या सांभाळलं. पाखरं, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून अळ्या राखायच्या म्हणजे दिवसभर झाडाखाली बसावं लागतं. पण एक शत्रू राखणीनं दिसत नाही, तो आईकडूनच येतो.

त्याचं नाव पेब्रिन. मादीच्या अंगात हा रोग असला की तो अंड्यांत उतरतो. अंडी चांगलीच दिसतात. अळ्याही निघतात, पण लहानमोठ्या राहतात, पाला सोडतात, झाडावरच मरतात. आमच्या गटानं एका वर्षी पैसे वाचवायला घरच्याच कोशांची अंडी तपासल्याशिवाय झाडावर चढवली. राखण महिनाभर केली, कोसे मात्र टोपलीभरही निघाले नाहीत. दोष झाडाला दिला, पावसाला दिला. चूक अंड्यांत होती.

यावर उपाय जुना आहे. फ्रान्समध्ये तुतीच्या रेशीमकिड्यांवर हाच रोग आला, तेव्हा 1865 नंतर लुई पाश्चर यांनी तो शोधला: अंडी घातलेली मादी वाटायची आणि तो रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. रोगाचे कण दिसले तर त्या मादीची सगळी अंडी नष्ट करायची. आजही बीज केंद्रात प्रत्येक मादी अशीच तपासतात. म्हणून प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवतात. अशा तपासलेल्या अंड्यांना रोगमुक्त अंडीपुंज म्हणतात.

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवा. अंडीपुंज घेताना माद्या तपासल्या का, हे विचारा. भंडाऱ्यातल्या रेशीम कार्यालयात जाऊन बीजाची मागणी हंगामाआधी नोंदवा. आणि सूत काढायला कोसे उकळण्याआधी, मोठे, कडक, वजनदार कोसे बीजासाठी बाजूला काढा. जिवंत कोसा हलवला की आतला जीव जड लागतो. त्यातून पतंग निघाला की कोसा फुटतो आणि सलग धागा मिळत नाही, हे खरं. पण सगळेच कोसे उकळले, तर पुढच्या पावसाळ्यात झाडावर चढवायला काय उरेल?

बायांनो, राखण आपण नेहमीच करतो. यंदा ती अंड्यापासून सुरू करू.