ऊर्जानियमनाचा सल्लागार : एक नवा व्यवसाय

अलीकडे विवाहाच्या बोलण्यांत 'मुलगा सल्लागार आहे' असें सांगण्यांत येतें आणि वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. वकील कळतो, वैद्य कळतो. परंतु ऊर्जा व पर्यावरण यांच्या नियमनाविषयीं सल्ला देणारा गृहस्थ करतो तरी काय, हें पुष्कळांस उमगत नाहीं. म्हणून हा लेखनप्रपंच.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ त स्थापन झाला. तेव्हांपासून वीजकंपनीस आपला खर्च आयोगापुढें मांडूनच दर मागावा लागतो. इंधन, व्याज, घसारा, गळती, भांडवलावरील परतावा, अशा शेंकडों पानांच्या हिशेबांत खरा आंकडा कोणता व फुगविलेला कोणता, हें पारखणें हें या सल्लागाराचें मुख्य काम. पूर्वपक्ष नीट मांडल्यावांचून सिद्धांत सांगूं नये, ही आपल्या न्यायशास्त्राची जुनी शिस्त येथें फार उपयोगी पडते.

पारख डावलली म्हणजे काय होतें, तें कोंकणांत दाभोळला दिसलें. १९९३ च्या डिसेंबरांत राज्य विद्युत मंडळानें एन्रॉनच्या कंपनीशीं करार केला. वीज घेतली वा न घेतली तरी स्थिर आकार द्यावयाचा, आणि देणें डॉलरच्या भावाशीं बांधलेलें! त्याच वर्षीं जागतिक बँकेनें या प्रकल्पास कर्ज नाकारलें होतें. पुढें पुण्याच्या 'प्रयास' संस्थेंतील तरुण अभियंत्यांनीं कराराचें गणित सोडवून त्यांतील धोका लोकांपुढें ठेवला. करार १९९५ त रद्द झाला, पुन्हां जुळला; केंद्र १९९९ त सुरू झालें आणि २००१ त बंद पडलें. सल्ला मिळाला नव्हता असें नाहीं. तो मानला गेला नाहीं.

पर्यावरणाचा हिशेब याहून बिकट. औष्णिक केंद्रांच्या धुरांतील गंधकाच्या वायूवर २०१५ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें मर्यादा घातली. त्यासाठीं धूर धुणारें यंत्र बसविलें, तर खर्च अखेर ग्राहकाच्या बिलांत उतरतो. न बसविलें, तर तोच धूर शेजारच्या गांवकऱ्यांच्या छातींत जातो. त्याचें बिल मात्र कोणी पाठवीत नाहीं. मुदती वाढत गेल्या आणि २०२५ च्या जुलैंत बहुसंख्य केंद्रांस या यंत्रांतून सूट मिळाली. यंत्र हवें म्हणणारेही सल्लागार, नको म्हणणारेही सल्लागारच!

यांतच या व्यवसायाची खरी परीक्षा आहे. द्रव्य कंपनीपाशीं असतें. विखुरलेल्या ग्राहकांपाशीं नसतें. २००३ च्या विद्युत अधिनियमांतील ९४ व्या कलमान्वयें ग्राहकांची बाजू मांडण्यास आयोग प्रतिनिधि नेमूं शकतो. पण तेथें मिळकत ती कितीशी असणार? म्हणून मुलाचें वेतन विचारणाऱ्यांनीं तो कोणाची बाजू मांडतो हेंही विचारावें. दरवाढीच्या अर्जाची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत येते आणि तिजवर कोणाही ग्राहकास लेखी हरकत घेतां येते. त्यास वकील लागत नाहीं. बेरीज-वजाबाकी मात्र चोख यावी लागते.