जादा दिव्यांचे मोठे आकडे आणि अंधारातली वाट

थार, जिम्नी किंवा गुरखा अशी ऑफ-रोड गाडी दारात उभी राहिली की टायर, बंपर आणि जादा दिवे यांची चर्चा लगेच सुरू होते. टायर घेताना माणूस चौकशी करतो, चिखल जास्त की खडक याचा विचार करतो. दिवे घेताना मात्र खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा बघून पैसे मोजले जातात. तिथेच फसगत होते. दिवा किती ताकदीचा आहे याहून तो उजेड कुठे टाकतो, आणि तुम्ही तिथे किती वेगाने जाणार आहात, हे आधी ठरवायला हवं.

गैरसमज : वॉट जास्त, म्हणजे उजेड जास्त

वॉट म्हणजे दिवा खातो ती वीज. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये. ५५ वॉटचा एच-३ हॅलोजन बल्ब साधारण १,४५० ल्युमेन देतो; चांगला एलईडी तेवढाच उजेड त्याच्या निम्म्याहून कमी विजेत देतो. पण ल्युमेनचा आकडाही दोन प्रकारे छापतात. 'रॉ ल्युमेन' ही दिव्यातल्या सगळ्या चिपांच्या कागदोपत्री क्षमतेची बेरीज असते. काच, परावर्तक आणि काही मिनिटांत तापलेली चिप यांत त्यातला बराच भाग खर्ची पडतो. प्रत्यक्ष बाहेर पडतो तो 'इफेक्टिव्ह ल्युमेन'. दोन दिव्यांची तुलना करायची तर याच आकड्याची करा, आणि मागच्या बाजूला उष्णता बाहेर टाकणारी जाड धातूची पाती आहेत का तेही बघा.

वाटेवर प्रत्यक्ष किती उजेड पडतो, ते लक्स सांगतो. इथे एक नियम कायम लक्षात ठेवावा: अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. १०० मीटरवर ४ लक्स पडत असतील तर २०० मीटरवर १ लक्स. म्हणजे पल्ला दुप्पट करायला चौपट तीव्रता लागते. चांगले उत्पादक किती अंतरावर किती लक्स पडतो याचा आलेख देतात. ज्याच्याकडे असा आलेख नाही आणि नुसते ल्युमेनचे पाच आकडी दावे आहेत, तो दिवा मी तरी घेणार नाही.

गैरसमज : फोकस जितका लांब, तितका दिवा चांगला

ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला आणि कच्च्या वाटेवरची पकड लक्षात घेतली, तर थांबायला सुमारे ६० मीटर लागतात. ताशी १५ वर हेच अंतर नऊ मीटरच्या आत येतं. राजस्थानच्या वाळवंटात रॅली पळवणाऱ्याला अरुंद झोताचा स्पॉट दिवा हवाच, कारण त्याला दूरचं लवकर दिसावं लागतं. सह्याद्रीतल्या गाडीवाटेवर तोच झोत वळणावर दरीत जातो आणि ज्या दगडावर पुढचं चाक चढणार आहे तो अंधारात राहतो. इथे हवा फ्लड, म्हणजे रुंद पसरणारा उजेड: दोन्ही कडा, उजवी-डावी चाकोरी, ओढ्याचा काठ दाखवणारा. कॉम्बो प्रकारात दोन्ही एकत्र येतात. तो चांगला पर्याय असू शकतो, पण दोन निराळे दिवे निराळ्या बटणांवर ठेवले तर हवा तोच लावता येतो.

गैरसमज : टपावरचा लाइट बार सर्वांत चांगलं दाखवतो

टपावर चमकणारी पट्टी गाडीला रुबाब देते, हे खरं. दूरवर उजेडही पोचतो. पण खराब वाटेवर आपल्याला खड्डा दिसतो तो सावलीमुळे. खालून, तिरका उजेड पडला की चाकोरीच्या कडेची सावली तिच्या तळाशी पडते आणि खोली कळते. दिवा डोळ्यांच्या वर, जवळपास नजरेच्याच रेषेत असेल तर सावली वस्तूच्या मागे दडते आणि फूटभर खोल खाच सपाट जमिनीसारखी दिसू लागते. अनोळखी वाटेवर हा धोका फार मोठा आहे. बंपरच्या उंचीवरचे दिवे म्हणूनच खडकाळ भागात जास्त उपयोगी ठरतात.

दुसरी अडचण बॉनेटची. टपावरचा उजेड बॉनेटवर पडून उलटा डोळ्यांत येतो, विशेषतः रंग पांढरा किंवा चकचकीत असेल तर. तिसरी अडचण धूळ आणि धुक्याची. पुढे गाडी असेल आणि लाल मातीचा लोट उठला असेल, तर डोळ्यांसमोरचा प्रत्येक धूळकण उजळतो आणि समोर भिंत उभी राहते. टपावर बार लावायचाच असेल तर थोडा मागे सरकवून लावा, बॉनेटवर उजेड पडणार नाही असा, आणि एकट्यानेच मोकळ्या मैदानात जाताना वापरा.

डोळ्याचं गणितही याच्याशी जोडलेलं आहे. गाडीपुढची पाच-दहा मीटर जमीन फार उजळली की बुबुळातली बाहुली आकसते आणि त्यापलीकडचा अंधार आणखी काळा होतो. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. झगझगीत उजेड ती सवय क्षणात मोडतो. जवळची जमीन गरजेपुरतीच उजळावी, ती याचसाठी.

गैरसमज : पिवळा दिवा धुकं कापतो

हा समज इतका जुना आहे की तो खराच वाटतो. कारण असं सांगितलं जातं की निळा प्रकाश जास्त विखुरतो, पिवळा कमी. हवेच्या रेणूंच्या बाबतीत ते बरोबर आहे, आकाश निळं दिसतं ते त्यामुळेच. धुक्याचे थेंब मात्र साधारण दहा-वीस मायक्रॉनचे असतात, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अनेक पट मोठे. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुकं पांढरं दिसतं ते म्हणूनच. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, पण त्यामुळे धुक्याचे नियम बदलले नाहीत.

तरीही पिवळ्या दिव्याला मी टाकाऊ म्हणणार नाही. ६,००० केल्विनच्या निळसर पांढऱ्या एलईडीपेक्षा ३,००० केल्विनच्या आसपासचा पिवळसर उजेड अनेकांच्या डोळ्यांना कमी टोचतो, आणि रात्री तीन-चार तास गाडी चालवणाऱ्याला तो फरक जाणवतो. पण पावसाळ्यात आंबोलीत किंवा माळशेज घाटात उपयोगी पडतो तो झोताचा आकार आणि दिव्याची जागा: खाली बसवलेला, दोन्ही बाजूंना रुंद आणि वरची कड एका रेषेत छाटलेला झोत. तो उजेड धुक्यातून वर उसळून डोळ्यांकडे येत नाही, रस्त्याची कड दाखवतो. असा झोत नसलेला फ्लड पिवळा असला तरी धुक्यात त्रासच देईल.

गैरसमज : आयपी ६७ लिहिलंय, आता पाण्याची चिंता नाही

आयपी ६७ मधला ६ धुळीसाठी आहे, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. ही बुडवण्याची चाचणी आहे. जोरदार फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, आणि एक पास झाली म्हणजे दुसरीही झाली असं नाही. वॉशिंग सेंटरचा फवारा दिव्याच्या रबरावर जवळून मारू नये. शिवाय तापलेला दिवा एकदम ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बारीकशा फटीतूनही पाणी आत ओढलं जातं. हवा खेळवणारी झडप असलेले दिवे इथे टिकतात. पाण्यात उतरण्याआधी दिवे बंद करून थोडा वेळ थांबलं तरी बरंच साधतं.

गैरसमज : हेडलाइटच्या वायरीला जोडलं की झालं

५५ वॉटचे दोन दिवे सुमारे ९ अँपिअर घेतात, १८० वॉटचा बार १५. कंपनीची वायर आणि बटण एवढा जादा भार धरून केलेले नसतात. बॅटरीपासून फ्यूज, मग रिले आणि पुरेशा जाडीची वायर, हाच मार्ग. हॅलोजनमध्ये बारीक वायरीचा आणखी एक तोटा आहे: बल्बपर्यंत पोचणारा विजेचा दाब १० टक्के घटला तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. म्हणजे महाग बल्ब घेऊन स्वस्त वायरीवर तो उजेड घालवायचा.

गैरसमज : बसवलाय, म्हणजे हायवेवरही लावता येतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ स्पष्ट आहे. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याची आधी परवानगी घेतल्याशिवाय वाहनाच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट बसवता येत नाही. नियम १०६ म्हणतो की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा, समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत. दिव्यांवर झाकण घातलं की कायद्यातून सुटलो, असं मानू नका. आधी आरटीओत विचारा. आणि परवानगी असो वा नसो, डांबरी रस्त्यावर हे दिवे लावू नका. समोरून येणारा दुचाकीवाला किंवा कडेने चालणारा माणूस काही क्षण पूर्ण आंधळा होतो, आणि तेवढ्या वेळात तो घाटाच्या कठड्याबाहेर जाऊ शकतो.